खोली आणि खाते : गिरणगावच्या साहित्यातील जमिनीचा प्रश्न

'गिरणगाव' हे नाव मुंबईच्या कोणत्याही अधिकृत नकाशावर सापडत नाही. भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी या परिसराला लोकांनी ते दिले आणि त्यात दोन गोष्टी एकत्र जोडल्या : गिरणी आणि गाव, म्हणजे उद्योग आणि वस्ती. नगररचनेचा नकाशा नेमके हेच दोन घटक वेगळे करतो. त्याच्या लेखी औद्योगिक विभाग निराळा, निवासी विभाग निराळा. एकाची जमीन दुसऱ्याकडे वळवायची झाल्यास परवानगी लागते. शहरात नवी घरे बांधण्यासाठी उद्योगांची जमीन किती खुली करावी आणि रोजगारासाठी किती राखावी, हा वाद गेल्या तीन-साडेतीन दशकांत मुंबईत सतत चालत आला. तो चालला मात्र नकाशाच्या भाषेत. लोकांनी दिलेल्या नावात दडलेली दुसरी भाषा साहित्याच्या हाती होती. मराठी साहित्याने तिचा कितपत उपयोग केला, हा येथील मुख्य प्रश्न आहे. हा उपयोग अर्धामुर्धाच झाला आणि काही ठिकाणी साहित्याने अजाणता नकाशाचीच बाजू बळकट केली, असे या परंपरेचे बारकाईने वाचन केल्यास दिसून येते.

मुंबईबाहेरच्या वाचकासाठी काही तपशील आवश्यक आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या आणि शहराच्या ऐन मध्यावरची सुमारे सहाशे एकर जमीन अचानक दिसू लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे साधारणतः तीन वाटे ठरवले : एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकाला विकासासाठी. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा करण्यासाठी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९९६ मध्ये अहवाल दिला, पण त्यानुसार काही घडले नाही. २००१ मध्ये नियम बदलला. तीन वाटे आता संपूर्ण जमिनीचे होणार नव्हते, केवळ मुळातच मोकळ्या असलेल्या जागेचे होणार होते. म्हणजे ज्या गिरणीत शेड दाटीवाटीने उभ्या होत्या, तेथे सार्वजनिक वाट्याला फारसे काही उरत नव्हते. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाचा जो अर्थ लावला, तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये अमान्य केला आणि मालकांचा मार्ग मोकळा झाला.

या साऱ्या प्रक्रियेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. १९९१ चा नियम उदार असो वा २००१ चा कृपण, दोहोंतील वाटप मोकळी जागा, घरे आणि मालकाचा विकास यांच्यात आहे. कामासाठी म्हणून स्वतंत्र वाटा त्यात नाही. गिरण्यांचे आधुनिकीकरण होईल, जमिनीच्या पैशातून त्या पुन्हा उभ्या राहतील, असे गृहीत धरले गेले. ते गृहीतक प्रत्यक्षात उतरले नाही आणि रोजगाराचा वाटा नियमाच्या गणितातून गळाला. नेमकी अशीच गळती साहित्यातही झाली आहे. गिरणगावच्या साहित्याविषयीच्या मराठी समीक्षेने आजवर 'अस्तंगत झालेल्या जीवनाचा शोक' एवढ्याच अंगाने विचार केला. शोक खरा आहे. परंतु तो कोणासाठी आणि कोणत्या जागेसाठी केला जातो, हे विचारले गेले नाही.

तुलनेसाठी मराठीबाहेरच्या एका जुन्या कादंबरीपासून सुरुवात करणे सोयीचे होईल. मुल्कराज आनंद यांच्या 'कुली' (१९३६) या इंग्रजी कादंबरीतील मुनू मुंबईच्या कापड गिरणीत येतो, तेव्हा त्याला काम देणारा फोरमन आणि झोपडी भाड्याने देणारा मालक ही दोन माणसे नाहीत. तो एकच माणूस आहे, आणि व्याजाने पैसेही तोच देतो. कादंबरी म्हणून 'कुली'त दोष पुष्कळ आहेत. मुनूच्या वाट्याला येणारे योगायोग आज वाचताना खटकतात. तरी या एका व्यक्तिरेखेत आनंद यांनी जे पकडले, त्याला इतिहासलेखनात राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर आधार दिला : मुंबईत कामाची जागा आणि शेजार ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होती. जॉबर खात्यात माणसे भरी आणि त्याचा दरारा वस्तीतही चाले. संप मोडायचा वा टिकवायचा तो वस्तीतल्या उधारीवर, खानावळीवर, व्यायामशाळेवर. फोरमनच्या झोपडीत राहणाऱ्या मुनूची नोकरी जाणे आणि निवारा जाणे या दोन वेगळ्या आपत्ती नव्हत्या.

मराठीत ही जाण नव्हती असे नाही. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' या कादंबरीचे शीर्षकच यंत्रातून घेतलेले आहे. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड तर या प्रश्नाला आणखी एक परिमाण देते. तिच्यातील नायकाचे घर मुंबईत नाहीच. ते मागे गावी आहे. कोकणातून वा घाटावरून आलेल्या बहुसंख्य पुरुष कामगारांसाठी मुंबईची खोली हे 'घर' नव्हते. एका गावची माणसे मिळून एक गाळा धरत. एक दिवसपाळीला गेला की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा झोपे. खोली गिरणीच्या भोंग्यावर चालत होती. ती गिरणीचाच विस्तार होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. नियोजनाचा नकाशा जिला निवासी वापर म्हणतो, ती वस्तू येथे शुद्ध स्वरूपात अस्तित्वातच नव्हती.

नारायण सुर्वे यांच्या कवितेपाशी मात्र थांबून पाहावे लागते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलेला हा अनाथ मुलगा, पुढे शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाला. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांनी मराठी कवितेत कामगाराला 'मी' म्हणण्याचा अधिकार मिळवून दिला. ही त्यांची कामगिरी निर्विवाद आहे. परंतु सुर्व्यांचा कामगार बहुतेक वेळा रस्त्यावर, सभेत, मोर्चात, घरातल्या दिव्याखाली भेटतो. यंत्रापाशी उभा असलेला तो त्या मानाने कमी भेटतो. विद्यापीठ ही उपमाच पाहावी : ते रस्त्यावर भरते. सुर्व्यांना दोष देण्याचा हेतू येथे नाही. कवितेला जे मोकळे, बोलके वाटले ते शेडबाहेरचे जग होते. शेडमध्ये साच्यांच्या आवाजात माणसे खुणांनी बोलत. पण पुढच्या पिढीने सुर्व्यांकडून जो वारसा घेतला तो वस्तीचा घेतला, खात्याचा नव्हे.

खात्याचे वर्णन टाळले गेले याला एक अधिक अवघड कारण आहे. विणखाते हे चांगल्या पगाराचे खाते. तेथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. नवी कांडी भरताना सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आपले ओठ लावण्यास सवर्ण साचेवाले तयार नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला. त्या काळात ते स्वतः परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते, हेही येथे आठवावे. वर्गाची एकजूट जिथे घडली असे मानले जाते, त्याच जागेवर जातीची भिंत उभी होती. चाळीतही जातवार वस्ती होतीच. पण चाळीच्या आठवणी लिहिताना गणपती, दहीहंडी, कबड्डी, भजनी मंडळ यांच्या ओघात ती झाकता येते. विणखात्याचे प्रामाणिक वर्णन करायचे तर धोटा आणि ओठ यांच्यामधले अंतर लिहावेच लागते. गिरणगावविषयीच्या स्मरणरंजनाने खात्याचा दरवाजा बंद ठेवला, त्यामागे ही अडचणही असली पाहिजे.

या पार्श्वभूमीवर जयंत पवार (१९६०-२०२१) यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाचा विचार केला, तर त्याचे यश आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी सापडतात. संपानंतरच्या गिरणगावातील एका कुटुंबाचे हे नाटक चाळीतल्या एका खोलीत घडते. आई, तीन मुलगे, मुलगी. मुलांपैकी एक लेखक होऊ पाहणारा, एक क्रिकेटमध्ये गुंतलेला, एक गुंडांच्या टोळीकडे ओढला गेलेला. वास्तववादी कौटुंबिक नाटकाचा दिवाणखाना मराठी रंगभूमीला सवयीचा होता. पवारांनी त्या दिवाणखान्याच्या जागी दहा बाय बाराची खोली आणली एवढेच नव्हे, तर त्या खोलीची कोंडी हेच नाटकाचे कथानक केले. माणसे आत येतात, बाहेर जातात, पुन्हा आत येतात; बाहेर जाऊन करण्यासारखे काही उरलेले नाही. तिन्ही मुलांचे मार्ग नीट पाहिले तर ते कामाचे तीन पर्याय आहेत, आणि तिघांनाही पायाखाली जमीन लागत नाही : एकाला कागद पुरतो, दुसऱ्याला उसने मैदान, तिसऱ्याला गल्ली. शीर्षकाचा अर्थ मानसिक अवस्था असा घेण्याची प्रथा आहे. तो शब्दशः घेतला तर अधिक हाती लागते. अधांतर म्हणजे ज्याच्या खाली धरा नाही ते.

खोली आहे, पण तिला जिने अर्थ दिला ती गिरणी नाही. घर उरले आणि काम गेले, तर घराचे काय होते, याचे इतके निर्दय चित्रण मराठीत अन्यत्र क्वचितच असेल. आईच्या व्यक्तिरेखेत ते सर्वाधिक जाणवते. तिचे घर चालवणे हे पगाराच्या तारखेवर, वाण्याच्या वहीवर उभे होते. तारीख गेली तरी सवय गेली नाही. नियोजनशास्त्राच्या कोणत्याही अहवालापेक्षा 'अधांतर' हे अधिक स्पष्टपणे सांगते की निवासाचा प्रश्न रोजगाराच्या प्रश्नातून वेगळा काढून सोडवता येत नाही.

आणि तरीही नाटकाच्या नेपथ्यात गिरणी नाही. ती संवादात आहे, आठवणीत आहे. १९९७ साली हे स्वाभाविक होते. गिरण्या बंद होत्या, प्रेक्षक घर ओळखत होता. पण या नाटकाच्या प्रभावाने गिरणगाव म्हणजे चाळीतली खोली हे समीकरण रूढ झाले. पुढे अनेक एकांकिका, मालिका आणि आठवणपर लेखन यांनी ते इतके घट्ट केले की गिरणी कामगार हा 'चाळकरी' म्हणूनच ओळखला जाऊ लागला. शासनाच्या परिभाषेत औद्योगिक जमिनीचे रूपांतर निवासी जमिनीत होत असताना, मराठी साहित्यव्यवहारात कामगाराचे रूपांतर रहिवाशात होत होते. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असा दावा करण्याचे कारण नाही. दोन्ही एकाच दशकात घडली आणि दोहोंत खाते वगळले गेले, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

'अधांतर'वरून महेश मांजरेकर यांनी २०१० मध्ये केलेला 'लालबाग परळ' हा चित्रपट (हिंदीत 'सिटी ऑफ गोल्ड') खोलीबाहेर पडतो. गिरणीमालक, जमिनीचा व्यवहार, दलाली हे सारे तो पडद्यावर आणतो, आणि त्या अर्थाने तो नाटकाने सोडलेली जागा भरून काढतो असे वाटू शकते. प्रत्यक्षात जमिनीचा प्रश्न येथे एका मालकाच्या दुष्टपणात विरघळतो. नियम ५८ सारखी गोष्ट दुष्टपणाशिवायही चालते. ती एखाद्या कारकुनाच्या सहीने, चटईक्षेत्राच्या कोष्टकाने, 'मोकळी जागा' या शब्दाच्या व्याख्येने चालते. व्याख्येला खलनायक करणे चित्रपटाला जमत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण मग रोषाला चेहरा मिळतो आणि यंत्रणा सुटून जाते.

इंग्रजीत लिहिलेले रामू रामनाथन यांचे 'कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४' (२००६, दिग्दर्शन सुनील शानबाग) हे नाटक येथे तुलनेला उपयुक्त ठरते. त्यात दोन बेकार गिरणी कामगार गप्पांतून, शाहिरीतून, विनोदातून शंभर वर्षांचा इतिहास उलगडतात. शीर्षक धंद्याच्या भाषेतले आहे. कुटुंबाची खोली हे त्याचे केंद्र नाही. घराची चौकट नसल्यामुळे भाऊ आणि काका यांना मुलगा, बाप, नवरा या भूमिकांत शिरावे लागत नाही. ते कामगार म्हणून बोलू शकतात. इंग्रजी नाटकाने मराठी माणसांना दिलेली ही मोकळीक थोडी विचित्र आहे, आणि तिची किंमतही आहे : 'अधांतर'मधल्या आईइतके खोल कोणीच येथे जात नाही. पण काम, संघटना आणि जमीन यांच्या साखळीविषयी प्रेक्षकाला जे कळते ते या नाटकातून अधिक कळते. तुलनाकाराने या दोहोंपैकी एकाला श्रेष्ठ ठरवण्याच्या फंदात पडू नये. घराचा साचा आणि कथनाचा साचा यांतून जमीन वेगवेगळी दिसते, हा मुद्दा आहे.

बंगालीत समरेश बसू यांच्या 'बी. टी. रोडेर धारे' सारख्या कादंबरीत कोलकात्याच्या उत्तरेकडील कामगारांची बस्ती हेच केंद्र आहे, आणि गुजराती शहराच्या संदर्भात यान ब्रेमन यांनी अहमदाबादच्या बंद गिरण्यांतील कामगारांवर २००४ मध्ये केलेले लेखन अनौपचारिक क्षेत्रात त्यांची झालेली घसरण नोंदवते. वस्तीकडे झुकणे ही एकट्या मराठीची खोड नाही, एवढेच यावरून दिसते.

कल्पित साहित्याने वगळलेले खाते टिकले ते तोंडी साक्षींमध्ये. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) या ग्रंथात माणसे काम आणि वस्ती यांविषयी एकाच दमात बोलतात. या साक्षींच्या प्रकाशात खानावळींचे उदाहरण विशेष बोलके ठरते. एकट्या राहणाऱ्या कामगारांना घरातल्या चुलीवर जेवण करून घालणाऱ्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' या नावाने उभारली. ही बाई ज्या खोलीत राहते तीच तिची कामाची जागा. तिचे गिऱ्हाईक गिरणीत. नकाशावर ही जागा कोणत्या रंगाने दाखवावी? निवासी म्हटले तर तिचा धंदा दिसत नाही आणि औद्योगिक म्हटले तर ती कोठल्याच हजेरीपटावर नाही. गिरणी बंद झाली तेव्हा तिचाही रोजगार गेला. पण जमिनीच्या हिशेबात ती कधी 'बाधित' ठरली नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. मुंबईत घरांची टंचाई भीषण आहे. कालबाह्य यंत्रे भरलेल्या शेड शहराच्या मध्यावर जपून ठेवणे हा कोणता न्याय? साहित्य गिरणी परत मागत असेल तर ते भूतकाळात अडकले आहे. हा आक्षेप 'अधांतर'ला लागू पडत नाही, कारण पवार गिरणीचे गुणगान करत नाहीत. धोट्याची आठवण ठेवणारा कोणताही वाचक ते करणार नाही. शिवाय काम या जमिनीवरून नाहीसे झाले असेही नाही. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. कमला मिलच्या आवारात कार्यालये आणि उपाहारगृहे आली, आणि २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत तेथेच १४ माणसे मेली. वाद काम की घरे असा नाही; कोणाचे काम आणि त्या कामापासून किती अंतरावर कोणाचे घर, असा आहे. सांस्कृतिक जागांनाही हाच हिशेब लागला. कामगार रंगभूमीचे प्रयोग जेथे होत, ते परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले.

कामगारांच्या चळवळीच्या मागण्यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. गिरणी चालू करा, ही मागणी क्षीण होत गेली आणि घर द्या, ही मागणी पुढे आली. तीत व्यवहारज्ञान होते. जे मिळण्यासारखे उरले होते ते मागितले गेले. जून २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली : घरे ६,९२५, प्रत्येक २२५ चौरस फुटांचे, आणि अर्ज सुमारे १ लाख ४८ हजार. त्या २२५ चौरस फुटांचा 'अधांतर'च्या खोलीशी असलेला आप्तभाव कोणाच्याही लक्षात यावा. कामगाराला शासनाने जी भरपाई देऊ केली, ती रंगमंचाने त्याला आधीच ज्या चौकटीत ठेवले होते त्याच आकाराची होती.

२०२४ मध्ये शासनाने उरलेल्या कामगारांना मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरील शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचे ठरवले. ९ जुलै २०२५ रोजी गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. त्यांची मागणी घरे मुंबईतच मिळावीत ही होती. वृत्तपत्रांनी ती घराची मागणी म्हणून छापली. तिच्यातला 'मुंबईतच' हा शब्द मात्र निवासाचा नाही. ज्या आजोबाला भोंगा ऐकून खोलीतून निघायचे होते, त्याच्या नातवाला कामावर पोचायला लोकलने दीड-दोन तास लागणार असतील, तर मिळणारी वस्तू घर आहे की नुसता निवारा, हे तो शब्द विचारतो. 'कुली'मधला फोरमन झोपड्या गिरणीजवळ का बांधतो, याचे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते.